जे ऐकलं ते लिहायचं

कंटेनर यार्डात काम करणाऱ्याला एक गोष्ट फार लवकर कळते. जो डबा आज हवा असतो, तो थप्पीत नेमका सगळ्यात खाली असतो. वरचे उचलून बाजूला ठेवल्याशिवाय त्याला हात लागत नाही. किश्श्यांचंही तसंच होतं. चहाच्या वेळी एकाने एक काढला की दुसऱ्याला दुसरा आठवतो, मग तिसरा, आणि खालचा एखादा राहूनच जातो. आज मी वरचे एकेक उचलून ठेवणार आहे. आमच्या यार्डातले बहुतेक किस्से एका कॉमाचे आहेत.

न्हावा शेवा बंदरात उतरलेला माल तपासणी होऊन सुटेपर्यंत आमच्या यार्डात राहतो. त्याची वजनं कॉम्प्युटरवर नोंदवणं हे माझं काम. सकाळी किहीमहून निघून रेवसला यायचं, लाँचने करंजाला उतरायचं, पुढे कंपनीची बस. इतकी वर्षं हेच चाललं आहे.

* * *

कंपनीने परदेशातून नवीन सिस्टिम घेतली, त्या आठवड्यातली गोष्ट. आमच्याकडे पन्नास किलोच्या आतलं सामान छोट्या गोदामात जातं. ते खिडकीवरून हातात द्यायचं असतं. त्याहून जड ते मागच्या मोठ्या शेडमध्ये. आमचा डेटाबेस सांभाळणारा इरफान मुकादम याने सिस्टिमला विचारलं, पन्नास किलोच्या आतलं आज काय काय आलंय? यादी आली. दोन माणसं हातगाडी घेऊन सामान आणायला गेली आणि तशीच परत आली.

"मॅडम, यादीतला तिसरा नग हातगाडीवर बसत नाही."

"का?"

"कंटेनर आहे. आत संगमरवर आहे!"

मी नोंद उघडली. मी लिहिलं होतं २४,५०० किलो. सिस्टिमने वाचलं होतं साडेचोवीस किलो. वजनकाट्यावर बसणारे हिराजी म्हात्रे उठून माझ्या खिडकीशी आले. उरणजवळच्या गावातले, मिठागरावर वाढलेले, आवाज असा की भोंगा नको. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग बाहेरच्या कंटेनरकडे पाहिलं.

"साडेचोवीस? मंग गाडी कशाला पायजे, ताई? मीच खांद्यावर टाकून आनतो!"

कोडं संध्याकाळी सुटलं. माझा नवरा जनार्दन जहाजावर फिटर होता. त्याचं जहाज तेव्हा उत्तरेकडच्या कुठल्याशा बंदरात लागलं होतं. व्हिडिओ कॉलवर मी सगळं सांगितलं, तर त्याने खिशातून दुकानाची पावती काढून कॅमेऱ्यासमोर धरली.

"हे बघ, पावाची किंमत. पॉइंटच्या जागी काय आहे?"

"कॉमा."

"इथे पॉइंटचं काम कॉमा करतो आणि कॉमाचं काम पॉइंट. तुमची सिस्टिम इकडची आहे. ती इकडच्यासारखंच वाचणार."

"म्हणजे माझे साडेचोवीस हजार?"

"तिच्या लेखी साडेचोवीस. येताना तुमचा संगमरवर मी बॅगेत घालून आणीन!"

* * *

कर्णिकसाहेब आमचे यार्ड मॅनेजर. अलिबागचे, बोलणं मोजकं. त्यांनी सिस्टिम विकणाऱ्या कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस अतिशय सभ्य होता. त्याला आमच्या नोंदींमध्ये एक वेगळाच दोष दिसला होता. तुमच्या मोठ्या आकड्यांत दोन कॉमांच्या मध्ये दोनच आकडे का असतात, असं त्याने विचारलं. तुमचा कीबोर्ड एखादं शून्य खातो का?

साहेबांनी त्याला आधी हजार समजावले, मग लाख, मग कोटी. तो "यस, यस" म्हणत राहिला आणि शेवटी पुन्हा म्हणाला, पण दोनच का?

"तुम्ही दर वेळी तीन पायऱ्या चढता," साहेब म्हणाले. "आम्ही पहिल्यांदा तीन चढतो, मग दोन-दोन. जिना आमचा आहे. तुम्ही फक्त दिवा लावून द्या."

त्याने दिवा लावायचं सेटिंग मेलवर पाठवलं. इरफानने ते बसवलं. त्या दिवसापासून आमची सिस्टिम कॉमा दिसला की तो गाळून टाकायला लागली आणि पॉइंट दिसला की आपल्यासारखा वाचायला लागली. सगळ्यांना वाटलं, प्रश्न मिटला.

* * *

मधे एकदा मराठी भाषा दिन आला. साहेबांना उत्साह आला आणि त्यांनी ऑफिसातले सगळे कीबोर्ड मराठी करायला लावले. आम्ही दिवसभर कौतुकाने मराठी आकड्यांत नोंदी केल्या. जुन्याही सगळ्या हौसेने बदलल्या. स्क्रीन इतका सुंदर दिसत होता की मी त्याचा फोटो काढून जनार्दनला पाठवला.

संध्याकाळी मुंबईच्या ऑफिसने विचारलं, यार्डात आज किती माल आहे? इरफानने सिस्टिमला विचारलं. उत्तर आलं, शून्य. त्याने प्रश्न बदलून विचारला. शून्य. सिस्टिमला १ आणि ८ हे आकडे आहेत हेच कळत नव्हतं. तिच्या लेखी ती नुसती अक्षरं होती.

"मॅडम, यार्ड रिकामं आहे," तो अगदी हळू म्हणाला.

हिराजीदादा चहा घेत होते. त्यांनी हात लांब करून खिडकी उघडली. बाहेर डब्यांच्या थप्प्या मावळतीच्या उन्हात जिथल्या तिथे उभ्या होत्या.

"मुंबईला सांगा," ते म्हणाले, "खिडकीतून सगलं दिसतंय. कंप्युटरातून न्हाय दिसत!"

* * *

पुढची गोष्ट मात्र चहाबरोबर सांगायची नाही. ती आम्ही क्वचितच सांगतो.

सेटिंग बदललं तरी मोठ्या आणि छोट्या, दोन्ही काट्यांचा डिस्प्ले परदेशीच राहिला होता. त्याच्यावरचा आकडा माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात आपोआप उमटतो, पण त्यांच्या पद्धतीने. साडेसव्वीस हजार किलोचा कंटेनर काट्यावर आला की कोपऱ्यात दिसतं २६.५००. एका दुपारी कोणीतरी तो आकडा दिसला तसा उतरवला. कोणी, ते साहेबांनी कधी विचारलं नाही. नव्या सेटिंगने तो वाचला साडेसव्वीस किलो. इतका हलका डबा म्हणजे रिकामाच असणार, म्हणून रिकाम्या डब्यांच्या यादीत तो आला आणि रिकामे डबे उचलणारं लहान यंत्र त्याच्याकडे गेलं.

यंत्राने डबा जमिनीवरून जेमतेम सोडवला आणि मागची चाकं वर आली. चालक बबन हुशार, त्याने तसाच डबा खाली सोडला. चाकं आपटली तो आवाज ऑफिसपर्यंत आला. बबन खाली उतरला आणि यंत्राच्या सावलीत बसून राहिला. कोणी पाणी दिलं तर ते हातात धरूनच.

दुसऱ्या दिवशी कर्णिकसाहेबांनी नियम केला. तो आजही आहे. काट्यावरच्या माणसाने वजन वॉकीटॉकीवर तोंडाने सांगायचं, आणि मराठीत सांगायचं. साडे, सव्वा, पावणे. त्यात ना कॉमा येतो ना पॉइंट. दोनदा सांगायचं. कॉम्प्युटरवरच्या माणसाने स्क्रीनच्या कोपऱ्यातला आकडा उतरवायचा नाही.

"जे ऐकलं ते लिहायचं," साहेब मला म्हणाले. "दिसलं ते नाही. डोळ्यांनी काय केलं ते काल पाहिलंत."

* * *

हिराजीदादांना या नियमाने जणू बढती मिळाली. त्यांचं वजन सांगणं ऐकायला ड्रायव्हर गाडीतून उतरून थांबायचे. "पावनेबावीस टन! पावनेबावीस टन!" आणि मग दर वेळी, न चुकता, शेवटी एक वाक्य. "काटा खोटं बोलत न्हाय!" ते नियमात नव्हतं. त्यांनी आपलं आपण जोडलं होतं. ते आल्यावरच मी बटण दाबायची.

ते वाक्य किती खरं, ते त्यांच्या जावयाच्या खोक्याने दाखवलं.

आमच्याकडे सामानाचं वजन कागदावरच्या वजनाशी जुळावं लागतं. अर्ध्या किलोचा फरक चालतो. जुळलं, तर खोका न उघडता शिक्का मारून मिळतो. नाही जुळलं, तर तो तपासणीच्या टेबलावर उघडतात आणि आतली एकेक वस्तू काढून मांडतात. टेबल पत्र्याच्या शेडमध्ये, वाटेवरच आहे. येणारा-जाणारा बघतो. कोणाचा त्यात दोष नाही, काम तसंच आहे.

हिराजीदादांचा जावई मस्कतला. मुलीच्या बाळाच्या बारशासाठी त्याने खोका पाठवला. तो घ्यायला व्याही आणि विहीणबाई स्वतः आले होते. कागदावर एकतीस किलो. दादांनी खोका छोट्या काट्यावर ठेवला.

"सव्वाबत्तीस! सव्वाबत्तीस!"

कर्णिकसाहेब वॉकीटॉकीवर म्हणाले, "हिराजी, परत एकदा बघ. पाहुणे उभे आहेत."

"बघितलं, साहेब. काटा खोटं बोलत न्हाय!"

खोका उघडला. खजूर, दुधाची पावडर, बाळाची झबली. त्याखाली विहीणबाईंसाठी गुलाबी गाऊन आणि आणखी जे काही नाजूक होतं ते. तपासनीसाने एकेक उचलून, झटकून, मोजून मांडलं. विहीणबाई पदराने तोंड झाकून भिंतीकडे बघत राहिल्या. आक्षेप घेण्याजोगं काही निघालं नाही. जावयाने निघताना खजुराचं एक पाकीट वाढवलं होतं, एवढंच.

"मग बारसं कसं झालं, दादा?" इरफानने नंतर विचारलं.

"झालं ना. मी पालन्यापासून लांब बसलो व्हतो. विहीनबाय माझ्याकडं बघत न्हवती."

"सव्वा किलोसाठी?"

"सव्वा किलो म्हंजे सव्वा किलोच, इरफान," दादा म्हणाले, आणि उठून काट्यावर गेले.

* * *

जनार्दन सुटीवर आला की एकदा तरी यार्डात यायचा. हिराजीदादांनीच ती प्रथा पाडली होती. तो आला की त्याला छोट्या काट्यावर उभं करायचं आणि वजन वॉकीटॉकीवरून मला सांगायचं. कामावर परत जाण्याआधी पुन्हा एकदा. मी आत बसून ऐकायची. बाहेर यायचं नाही, असाही एक नियम त्या दोघांनी केला होता.

एका वर्षीचं आठवतं. आला तेव्हा आवाज आला, "सव्वायेकाहत्तर! सव्वायेकाहत्तर!" जाताना आला, "साडेत्र्याहत्तर! साडेत्र्याहत्तर! ताई, मधलं सव्वादोन किलो तुमच्या हातचं हाय. काटा खोटं बोलत न्हाय!"

मागून जनार्दनचं हसणं ऐकू आलं. साहेबांनी वॉकीटॉकी उचलून, "कामाच्या वेळी कामाचं बोला," असं म्हटलं, पण पाचएक मिनिटं जाऊ देऊन.

शेवटच्या वेळी तो निघाला तेव्हा वजन करायचं राहिलं. लाँच उशिरा आली होती आणि त्याला विमान गाठायचं होतं. यार्डाच्या फाटकावरूनच त्याने हात केला.

"या आता," दादा ओरडले. "आल्यावर दोन्ही टायमाचं एकदम करू!"

* * *

जनार्दन जहाजावरच वारला. हृदयाचा झटका. विमानाने त्याला आणलं, आणि किहीमला जे करायचं ते झालं. त्याचं सामान तेवढं जहाजावर राहिलं होतं. पुढच्या बंदरात ते उतरवलं आणि इतर मालाबरोबर कंटेनरमधून पाठवायचं ठरलं. जहाज कंपनीच्या एजंटने फोनवर विचारलं, कुठल्या यार्डात उतरवू? मी आमच्या यार्डाचं नाव सांगितलं.

एक खाकी कॅनव्हासची बॅग. कागदावर वजन १८,५. साडेअठरा. निघताना ती आम्ही दोघांनी मिळून भरली होती.

मला एवढंच हवं होतं की ती बॅग मी घरी उघडावी. त्याच्या कपड्यांना पहिला हात माझा लागावा. त्यांत काही न धुतलेलेही असणार होते. ते पत्र्याच्या शेडमधल्या टेबलावर कोणी झटकू नयेत. मी हे कोणाला बोलले नाही. बोलावं लागलं नाही. इथल्या सगळ्यांनी ते टेबल पाहिलेलं आहे.

कंटेनर आला. रिकामा झाला. छोट्या गोदामात बॅग नव्हती.

इरफानने सिस्टिमला विचारलं, त्या कंटेनरमधलं पन्नास किलोच्या आतलं काय आहे? तीन नग आले, त्यांत ती नाही. माझ्या नावाने शोधलं, तरी नाही. तो स्वतः गोदामात जाऊन प्रत्येक फळी बघून आला. एजंट म्हणत होता, पाठवली आहे. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. मी माझी वजनं लिहीत होते. कोणी माझ्याकडे सरळ बघत नव्हतं.

इरफान त्याच्या जागेवर बसून होता. जेवायला उठला नाही. मग एकदम त्याने खुर्ची मागे सारली.

"मॅडम, परदेशातून आलेली फाइल आपली सिस्टिम तशीच्या तशी घेते. आणि कॉमा दिसला की काय करते?"



"गाळते," मी म्हणाले.

त्याने प्रश्न बदलला. एकशे पंच्याऐंशी किलोचं काय आहे? एकच ओळ आली. नाव माझंच होतं, स्पेलिंग मात्र भलतंच. जनार्दनच्या सामानाची घेणारी म्हणून. नग एक, मोठी शेड, मागची भिंत.

वाचून दाखवलं नाही. त्याने नुसता स्क्रीन माझ्याकडे वळवला आणि बाहेर गेला. पंपांच्या लाकडी खोक्यांमागे, भिंतीला टेकून बॅग उभी होती. इरफान ती दोन्ही हातांनी पोटाशी धरून घेऊन आला. हातगाडी त्याने घेतली नाही.

"आकड्यांच्या तीन भानगडी मिटवल्या मी इथे," तो कर्णिकसाहेबांना म्हणाला, "आणि हाच कॉमा राहिला होता."

"मिटला ना," साहेब म्हणाले. "चहा घे."

* * *

दुपारी तपासणीचे साहेब आले. नवीन होते, मला ओळखत नव्हते. कागद घेऊन ते माझ्या टेबलाच्या पलीकडे उभे राहिले. माझा स्क्रीन त्यांच्याकडे पाठ करून होता.

कर्णिकसाहेब दारात आले. "तुमच्या जागी दुसऱ्या कोणाला बसवू का?"

"नको," मी म्हणाले.

काचेतून छोटा काटा दिसतो. हिराजीदादांनी बॅग इरफानच्या हातून घेतली. काट्यावर ठेवली. पट्टे खाली लोंबत होते ते उचलून वर नीट ठेवले. मग ते आकड्याकडे वाकले.

माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडा हलत राहिला आणि थांबला. १९,७.

वॉकीटॉकी गप्प होता. हिराजीदादा आकडा सांगायला कधी थांबत नाहीत. ते तिथे वाकलेलेच होते, एक हात बॅगेवर. तपासणीच्या साहेबांनी घड्याळ पाहिलं.

मग खरखर झाली.

"ताई."

"बोला, दादा."

"साडेअठरा."

आवाज नेहमीचा नव्हता. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मात्र नेहमीचा होता.

"साडेअठरा, ताई. लिवा."

नेहमीचं वाक्य यायची मी वाट पाहिली. आलं नाही. काचेपलीकडे त्यांनी वॉकीटॉकी कमरेला अडकवला आणि ते पाठमोरे उभे राहिले.

"जुळलं?" तपासणीच्या साहेबांनी शिक्का हातात घेऊन विचारलं.

मी जे ऐकलं ते लिहिलं.